पुनर्जीवित, पुनरुज्जीवित की पालवी?

एका मैत्रिणीचा मेसेज आला, त्यांचा वाचनकट्टा तीनेक वर्षं बंद होता तो आता परत सुरू होतोय, तर निमंत्रणात 'पुनर्जीवित' लिहायचं की 'पुनरुज्जीवित', आणि 'रिव्हाइव्ह'ला मराठीत एकच पक्का शब्द आहे का. मेसेजमध्ये उत्तर मावेना म्हणून इथे नीट लिहितेय.

आधी स्पेलिंग. पुनर् + उत् + जीवन. 'उत्'मधला त् पुढच्या ज मुळे ज् होतो म्हणून 'उज्जीवन', आणि पुनर् चा र् त्या उ ला मिळून 'रु' होतो. म्हणजे रु ऱ्हस्व, ज्ज जोडाक्षर आणि जी दीर्घ. 'पुनरूज्जीवन' सर्रास दिसतं, ते चूक. 'पुनर्जीवित' चूक नाही, पण त्यात तो 'उत्' नाही आणि मला तो हवा असतो कारण 'उत्' म्हणजे वर. पुनरुत्थान, पुनरुद्धार, जीर्णोद्धार सगळ्यांत हाच 'उत्' बसलाय, काहीतरी पडलेलं होतं ते उठून उभं राहिलं हे चित्र त्याच्यामुळे येतं. (उद्धार लिहिताना द ला ध जोडायचा, बऱ्याच पाट्यांवर उलटं असतं.)

आता एकच शब्द आहे का, तर नाही, आणि नाही तेच बरंय. गोष्ट नक्की कुठल्या अवस्थेत होती ते मराठी आधी विचारते. झिजलेली होती तर जीर्णोद्धार, तो देवळाचा, विहिरीचा, घाटाच्या पायऱ्यांचा. गीतेत 'वासांसि जीर्णानि' म्हणजे जुनेर झालेली वस्त्रं, तोच हा जीर्ण. तिथे कोणी मेलेलं नसतं. आठवण किंवा शिकलेली विद्या असेल तर उजाळा, कारण पितळेचं भांडं काळं पडलं तरी आत पितळच असतं, घासलं की चकाकतं. आणि खरंच संपलेलं असेल तरच संजीवनी.

संजीवनीवर थोडं थांबते, कारण हा शब्द बातम्यांमध्ये फार स्वस्त झालाय, जरा अनुदान मिळालं की लगेच 'नवसंजीवनी'. मूळ गोष्टी बघा. महाभारतात असुरांचे गुरू शुक्राचार्य, त्यांच्याकडची मेलेल्याला उठवणारी मृतसंजीवनी विद्या शिकायला देवांच्या बाजूचा कच येतो, असुर त्याला दोनदा मारतात, शुक्राचार्य दोनदा उठवतात, तिसऱ्यांदा असुर त्याची राख मद्यात मिसळून शुक्राचार्यांनाच पाजतात. मग पोटातल्या कचाला विद्या शिकवावी लागते, तो पोट फाडून बाहेर येतो आणि गुरूला जिवंत करतो. एवढं मोठं काम आहे त्या शब्दाच्या मागे. रामायणात तर हनुमान ज्या वनस्पतींसाठी जातो त्या चार आहेत, मृतसंजीवनी, शरीरात रुतलेलं शल्य काढणारी विशल्यकरणी, तुटलेलं सांधणारी संधानी, आणि कांती परत आणणारी सुवर्णकरणी. म्हणजे जीव परत येणं वेगळं, जखम सांधणं वेगळं, तेज येणं वेगळं, हे तेव्हाच वेगवेगळं धरलेलं होतं! (ज्ञानेश्वरांनी 1296 साली आळंदीला घेतली ती 'संजीवन समाधी', तिथे मात्र संजीवन म्हणजे जिवंतपणी घेतलेली, परत जिवंत होण्याशी तिचा संबंध नाही.)

अजून एक गोष्ट मला फार आवडते ती म्हणजे क्रियापदं. संजीवनी मिळते किंवा कोणीतरी देतं, ती बाहेरून येते. उभारी धरायची असते, ती ज्याची त्याने. कात टाकायचीही स्वतःच, दुसऱ्याची कात टाकता येत नाही. आणि पालवी फुटते, धुमारे फुटतात, तिथे करणारा कोणीच नाही, वेळ आली की आपोआप. झाड बुंध्यापासून तोडलेलं असतं, खुंट काळा पडलेला, आपण धरून चालतो की संपलं, आणि एक दिवस सालीतून बोटभर लालसर कोंब बाहेर आलेला दिसतो, तो धुमारा. पुनर्नवा नावाची वनस्पती आहे, आपली घेटुळी, तीही अशीच, उन्हाळ्यात वरचा पसारा वाळून जातो, मूळ जमिनीत टिकतं, पाऊस पडला की परत हिरवी. नावाचा अर्थच पुन्हा नवी होणारी.

नको असलेलं परत आलं तर त्याला यातला एकही शब्द चालत नाही हेही बघण्यासारखं आहे. दुखणं उचल खातं, साथ डोकं वर काढते, जुनं भांडण उकरून काढतात. 'भांडणाचं पुनरुज्जीवन' म्हटलं की कानाला खटकतंच.

आणि स्वतःचंच थांबलेलं काम स्वतःच परत हातात घेणं, त्याला 'पुनश्च हरिओम'. राजद्रोहाच्या शिक्षेतून सुटून आल्यावर टिळकांनी 4 जुलै 1899 ला केसरीत लिहिलेल्या अग्रलेखाचं हे नाव, तिथून ते सगळ्यांच्या तोंडी बसलं, 2020 ला लॉकडाउन शिथिल करतानासुद्धा राज्य सरकारने हेच शब्द वापरले.

तर तुझ्या कट्ट्याचं. माणसं तीच आहेत, पुस्तकं कपाटात शाबूत आहेत, फक्त भेटणं थांबलेलं होतं, म्हणजे मूळ जिवंत होतं. संजीवनी अजिबात नको. सरकारी अर्जात 'पुनरुज्जीवन' लिही, तिथे ते शोभतं. निमंत्रणात मी असं लिहिलं असतं, 'आपला कट्टा शनिवारपासून पुन्हा सुरू होतोय', आणि पहिल्या दिवशी तीन-चार नवीन चेहरे आले तर पुढच्या पत्रात खुशाल लिही की कट्ट्याला पालवी फुटलीय.