पेशवेकालीन पत्रातल्या ‘सु॥ इहिदे सितैन मया व अलफ, छ २० जमादिलाखर’ या ओळीचा अर्थ काय?

ही पत्राची तारीख आहे. ‘सु॥’ म्हणजे सुहूर सन, ही पेशवेकालीन कागदांतली एक कालगणना, आणि पुढचे अरबी आकडे एककापासून चढत जातात: इहिदे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००. बेरीज ११६१. घोटाळा होतो तो सित (६) आणि सितैन (६०), सबा (७) आणि सबैन (७०) यांत. शेवटचा ‘ऐन’ नीट वाचा, नाहीतर सालच बदलतं.

सुहूर सन मृगाला सुरू होतो, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. इसवी साल काढायला मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. साल सौर असलं तरी महिना हिजरी चांद्र, त्यामुळे तो कोणत्या ऋतूत पडला हे आधी जंत्रीत, म्हणजे वेगवेगळ्या कालगणनांच्या तारखा जुळवणाऱ्या कोष्टकात, बघावं लागतं. इथे जमादिलाखर जानेवारीत येतो; म्हणजे ११६१ + ६०० = १७६१, पानिपतचाच महिना.

‘छ’ हे ‘चंद्र’चं लघुरूप, म्हणजे चंद्राची विसावी तारीख. ती मराठी तिथी समजू नका. अशी लघुरूपं शब्दकोशात शोधण्याआधी त्याच पत्रसंग्रहाची प्रस्तावना चाळा, बहुतेकदा तिथेच उलगडा असतो. अनोळखी फार्सी शब्दांसाठी मात्र माधवराव पटवर्धनांचा फार्सी-मराठी कोश घ्या.