ॲपमध्ये काय असू नये? : वाचकांचे प्रश्न, एका ॲपकाराची उत्तरे

(जळगाव येथे राहून, कोणत्याही कंपनीत नोकरी न करता, मोबाइल ॲप तयार करणारे आमचे सदरलेखक या अंकात वाचकांच्या निवडक प्रश्नांना उत्तरे देत आहेत. – संपादक)

प्रश्न : मी संगणकशास्त्राची पदवी घेतली आहे. पुण्याला न जाता धुळ्यातच राहून ॲप तयार करण्यावर चरितार्थ चालवता येईल का? – एक विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : येईल, परंतु ॲप स्टोअरवर टाकले की घरबसल्या पैसे येऊ लागतील, या भरवशावर नव्हे. गुगल प्ले स्टोअरवर खाते उघडण्यास एकदाच 25 डॉलर लागतात. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. नोव्हेंबर 2023च्या मध्यानंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला, ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी, किमान 12 जणांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घ्यावी लागते (आधी ही अट 20 जणांची होती). मावसभाऊ, वर्गमित्र, शेजारी असे सगळे होकार देतात आणि मोबाइलमध्ये जागा उरली नाही की सर्वांत आधी आपलेच ॲप काढून टाकतात. पुढे विक्री झालीच, तर वर्षाच्या पहिल्या 10 लाख डॉलर उत्पन्नापर्यंत स्टोअरचा वाटा 15 टक्के असतो. ही मर्यादा ओलांडण्याची चिंता खानदेशात बसून तूर्त करू नये. पोट भरते ते पतसंस्था, खासगी शिकवण्या, कापसाचे जिनिंगवाले आणि केळीचे व्यापारी यांच्या कामांवर. तेथे वार्षिक देखभालीची रक्कम पहिल्याच कागदावर लिहून घ्यावी, कारण गुगल दरवर्षी ॲप नव्या अँड्रॉइडला जुळवून घ्यायला लावते आणि ग्राहक मात्र "एकदा ॲप झाले, आता कशाचे पैसे?" असे विचारतो. अमळनेरात 1945 मध्ये सुरू झालेल्या कंपनीची पुढे विप्रो झाली, हा दाखला आपल्याला प्रत्येक सत्कार समारंभात ऐकवला जाईल. ती तेव्हा वनस्पती तुपाची कंपनी होती आणि संगणकाचा व्यवसाय तिने दुसऱ्या पिढीत, अमळनेरबाहेर उभारला, एवढे लक्षात ठेवून तो ऐकावा.

प्रश्न : आपले हिशेबाचे ॲप आयफोनवर का मिळत नाही? – एक व्यापारी, भुसावळ

उत्तर : ॲपलकडे दरवर्षी 99 डॉलर भरावे लागतात आणि माझे ग्राहक जवळजवळ सगळेच अँड्रॉइड वापरतात. आपल्यासारखे आणखी काही व्यापारी वर्गणी द्यायला तयार असतील, तर अवश्य कळवावे.

प्रश्न : केळीचे भाव दाखवणारे एक ॲप माझ्या मोबाइलमधील संपर्क, ठिकाण आणि फोटो पाहण्याची परवानगी मागते. भाव पाहायला हे कशाला? – एक केळी उत्पादक, रावेर तालुका

उत्तर : भाव पाहायला यांतील काहीच लागत नाही. हवामानाचा अंदाज द्यायचा असेल तर ठिकाण लागेल, पण तेही ढोबळ चालते; रोगट पानाचा फोटो पाठवण्याची सोय असेल तर कॅमेरा लागेल, तोही त्या वेळेपुरता. संपर्कांची यादी मात्र जाहिरातीसाठी किंवा पुढे विकण्यासाठीच मागितली जाते, असे मी धरून चालतो. अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे 2015 पासून, अशी प्रत्येक परवानगी वेगवेगळी नाकारता येते. नाकारून पाहावी, भाव दिसणे बंद झाले, तर ते ॲप भावासाठी नव्हतेच.

अशी ॲप करणाऱ्यांनी लक्ष घालावे ते दुसरीकडेच. कापणीच्या वेळी घड उतरवणाऱ्याची बोटे चिकाने माखलेली असतात आणि त्यांचा स्पर्श स्क्रीनला नीट कळत नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की मोबाइल तापून स्क्रीनचा उजेड आपोआप मंदावतो, आणि करड्या रंगावरची नाजूक अक्षरे बांधावर उभे राहून वाचता येत नाहीत. बटणे मोठी असावीत, अंक पांढऱ्यावर काळे आणि ठसठशीत असावेत, रेंज नसताना शेवटचा भाव तारखेसह दिसावा आणि नवती (नव्या लागवडीची केळी) आणि पिलबाग (जुन्या झाडाच्या पिलांवर आलेली केळी) यांचे भाव वेगवेगळे द्यावेत. जाहीर भाव आणि प्रत्यक्ष हातात पडणारा भाव यांतील तफावत मात्र कोणत्याही ॲपने मिटत नाही. व्यापारी बागेत येतो, रास पाहतो, "माल बारीक आहे" म्हणतो आणि सौदा तेथेच ठरतो.

प्रश्न : स्थानिक स्वराज्य संस्थेच्या निवडणुकीसाठी एका इच्छुक उमेदवाराने मला मतदारयादीचे ॲप करायला सांगितले आहे. नाव शोधणे आणि चिठ्ठी छापणे याबरोबरच त्यांना प्रत्येक मतदारापुढे जात, मोबाइल क्रमांक आणि "आपला, विरोधी, काठावरचा" असे रकाने हवे आहेत. पैसे चांगले मिळत आहेत. काम घ्यावे का? – एक तरुण प्रोग्रॅमर, चाळीसगाव

उत्तर : अर्धे घ्यावे.

मतदारयादी सार्वजनिक आहे, पण तिची प्रत चित्ररूप पीडीएफमध्ये मिळते आणि तीत नाव थेट शोधता येत नाही. शोधता येईल अशी यादी आयोगानेच द्यावी, ही कमलनाथ यांची मागणी सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केली नाही. ज्याला तशी हवी त्याने ती करून घ्यावी, असा त्या निकालाचा आशय होता. ते करून देणे हे आपले काम. मतदाराला भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि केंद्र चटकन सापडले, तर त्यात कोणाचेच नुकसान नाही.

उरलेले रकाने मी नाकारतो. आडनावावरून जात भरून टाका, असे आपल्याला सांगितले जाईल. परंतु खानदेशात पाटील हे आडनाव मराठा, लेवा, गुजर अशा अनेक समाजांत आहे, त्यामुळे ते काम प्रोग्रॅमला जमत नाही आणि शेवटी गल्लीतला कार्यकर्ताच घरोघरचा अंदाज भरत बसतो. कार्यकर्त्याच्या डोक्यात हे सगळे आधीपासून असतेच, मग ॲपमध्ये आले तर काय बिघडले, हा युक्तिवाद मी पुष्कळदा ऐकला आहे. डोक्यातली यादी व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करता येत नाही. निवडणूक संपल्यानंतर एखाद्याचे घरकुलाचे प्रकरण किंवा नळजोडणीचा अर्ज ज्यांच्यापुढे जाईल, त्यांच्याच मोबाइलमध्ये त्याच्या नावापुढे "विरोधी" अशी नोंद असणे मला धोक्याचे वाटते, मग ती नोंद खरी असो वा कार्यकर्त्याने अंदाजाने केलेली असो.

कायद्याचेही पाहावे. कायद्याने प्रसिद्ध करणे भाग असलेली माहिती 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातून वगळलेली आहे. यादीतील नाव आणि वय या सवलतीत बसू शकेल, परंतु आपण जोडलेला मोबाइल क्रमांक, जात आणि कल यांना तिचा आधार मिळणार नाही. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात आणि दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. तोवर मोकळे रान आहे, असे उमेदवाराचा पुतण्या म्हणेल; ॲपवर नाव मात्र आपले असेल.

करारात दोन कलमे घालावीत : निकालानंतर सर्व्हरवरील माहिती पुसली जाईल, आणि मोबदल्याची पूर्ण रक्कम मतदानापूर्वी मिळेल. विजयी उमेदवार नंतर भेटत नाही आणि पराभूत उमेदवार फोन उचलत नाही. रकाने नाकारल्यामुळे काम हातचे गेलेच, तर तालुक्यात इच्छुकांची कमतरता नाही. नाव शोधून चिठ्ठी छापणारे साधे ॲप सर्वांनाच लागते, आणि एकदा तयार केलेले ॲप चिन्ह व फोटो बदलून चौघांना देता येते.