१२ व्होल्टच्या जागी ३.८३? एसएमपीएस बदलण्याआधी हे बघा

तुमची तक्रार थोडक्यात अशी: एएमडीचा रायझन ७ १७००एक्स सीपीयू, बोर्डावर व्होल्टेज आणि तापमान मोजणारी नुव्होटॉनची एनसीटी६७७९डी चिप. विंडोजमधला मॉनिटरिंग प्रोग्रॅम +१२ व्होल्टच्या पुढे ३.८३ दाखवतोय, +५ च्या पुढे १.६९. ऑक्सटिन१ या सेन्सरचं तापमान दिवसभर ११२ अंश आणि मशीन नुसतं बसून असताना सीपीयू ५८. दुकानदार म्हणतो एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, गेला.

एसएमपीएस गेलेला नाही. सीपीयूचा व्हीआरएम (त्याला लागणारा व्होल्टेज तयार करणारा भाग), ग्राफिक्स कार्ड, पंखे, सगळं त्या १२ व्होल्टवरच चालतं. ती रेल (एका व्होल्टेजची पुरवठ्याची लाइन) खरंच ३.८३ वर आली असती तर एसएमपीएसच्या अंडरव्होल्टेज संरक्षणानं कितीतरी आधीच सगळं बंद केलं असतं. एटीएक्स या एसएमपीएसच्या मानकानुसार या रेलला वरखाली ५ टक्के सूट आहे, म्हणजे ११.४० ते १२.६०. पाच व्होल्टला ४.७५ ते ५.२५. एवढ्या पट्ट्याच्या थोडंसं बाहेर असलं तर शंका घ्यायची. एक तृतीयांश दिसलं तर गणित चुकलंय असं समजायचं.

ते गणित असं. ही चिप जेमतेम २.०४ व्होल्टपर्यंतच मोजू शकते, तेही ८ मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी. १२ व्होल्ट थेट तिच्या पिनवर देता येत नाहीत, म्हणून बोर्डवाला दोन रेझिस्टर लावून ते खाली आणतो. कुठले रेझिस्टर लावले हे चिपला कळत नाही, ते प्रोग्रॅमला माहीत असावं लागतं. बोर्ड ओळखीचा नसेल तर काही प्रोग्रॅम मूळ आकडा जसाच्या तसा दाखवतात आणि काही अंदाजाने गुणक ठोकून देतात.

आता तुमचे आकडे उलटे सोडवा. ३.८३ भागिले ३.८ म्हणजे १.००८. १.६९ भागिले १.६८ म्हणजे जवळजवळ तेच. हे ३.८ आणि १.६८ हवेतून आलेले नाहीत. जुन्या विनबॉन्ड चिपांच्या काळात १२ व्होल्टला २८ किलोओहम आणि १० किलोओहम (दोघांची बेरीज भागिले १०, म्हणजे ३.८), तर ५ व्होल्टला ६.८ आणि १० अशी जोडी असायची. नुव्होटॉन ही २००८ मध्ये विनबॉन्डमधूनच वेगळी झालेली कंपनी. तुमच्या प्रोग्रॅमनं तेच जुने गुणक लावलेले दिसतात. अलीकडच्या नुव्होटॉन बोर्डांवर १२ व्होल्टला बहुतेकदा ११० आणि १० किलोओहम, म्हणजे गुणक १२, आणि ५ व्होल्टला ४० आणि १०, म्हणजे गुणक ५. १.००८ ला १२ नं गुणा: १२.०९६. पाचनं गुणा: ५.०४. रेल ठणठणीत आहे. (आयटीई चिप असलेल्या गिगाबाइटच्या बऱ्याच बोर्डांवर हेच गुणक ६ आणि २.५ असतात, त्यामुळे मित्राच्या मशीनचे आकडे उचलू नका.)

याच गणितातून आणखी एक भीती जाते. पिनवरची एक पायरी ८ मिलिव्होल्टची, तिला १२ नं गुणलं की ९६ होतात. म्हणजे गुणक बरोबर लावल्यावरही तुम्हाला ११.९०४, १२.०००, १२.०९६ एवढेच आकडे दिसतील, मधले नाहीत. ग्राफमध्ये रेल उड्या मारताना दिसते, ती चिपची पायरी असते. रेल तितकी हलत नसते.

गुणक १२ हा माझा अंदाज आहे, त्याची खात्री करून घ्या. पहिली आणि फुकटची तपासणी बायोसमध्ये. तिथल्या हार्डवेअर मॉनिटरच्या पानावर आकडा त्याच चिपमधून येतो, फक्त गुणक बोर्ड बनवणाऱ्यानं स्वतः लावलेला असतो. तिथे १२.०९६ च्या आसपास दिसलं तर निम्मं काम झालं. तापमानासाठी मात्र बायोस प्रमाण मानू नका. तिथे सीपीयू गाढ झोपेच्या अवस्थांमध्ये जात नाही, त्यामुळे विंडोजमध्ये निवांत असतानापेक्षा १० ते १५ अंश जास्त दिसणं नेहमीचंच.

दुसरी तपासणी मल्टिमीटरनं. डीसी २० व्होल्टची रेंज, मशीन चालू. एखादा मोकळा मोलेक्स कनेक्टर शोधा: काळी वायर ग्राउंड, पिवळी १२, लाल ५. काळा प्रोब काळ्यात आधी बसवा, मग लाल प्रोब पिवळ्यात. प्रोब सटकून दोन पिनांना एकदम टेकला तर ठिणगी उडेल आणि एसएमपीएस बंद पडेल, म्हणून हात टेकवून धरा. बऱ्याच मॉड्युलर एसएमपीएसच्या सगळ्या वायरी काळ्या असतात, तिथे रंगावर न जाता पिनेच्या जागेवरून ओळखायचं: २४ पिनी कनेक्टरमध्ये १० आणि ११ क्रमांकाच्या पिना १२ व्होल्टच्या. साटाच्या पॉवर कनेक्टरमध्ये प्रोब खुपसू नका, त्याच्या पिना फार जवळजवळ असतात. आणि मीटरची बॅटरी नवी असू द्या. उतरलेल्या बॅटरीवर स्वस्त मीटर जास्तीचा आकडा दाखवतात, मग चांगल्या रेलवरही संशय येतो.

मोजमाप दोनदा घ्या: एकदा निवांत असताना, एकदा लोड (जड काम) टाकून. समजा मीटर १२.११ दाखवतो आणि पिनवर (प्रोग्रॅमचा आकडा भागिले ३.८) १.००८ आहे, तर भागाकार १२.०१. लोडवर मीटर ११.९८ आणि पिनवर १.०००, तर ११.९८. दोन्ही वेळा १२ च्या आसपास आलं की गुणक १२ पक्का. १२.०१३ वगैरे दशांश लावत बसू नका. साध्या मीटरची अर्धा टक्का चूक १२ व्होल्टवर ६० मिलिव्होल्ट होते, त्यापुढची बारकाई निरर्थक. दोन वेळचे भागाकार एकमेकांपासून बरेच लांब आले, तर तुम्ही बघताय तो पिन १२ व्होल्टचा नाहीच.

एचडब्ल्यूइन्फो या मॉनिटरिंग प्रोग्रॅममध्ये त्या सेन्सरवर राइट क्लिक करून स्वतःचा गुणक देता येतो. तिथेही आकडा ३.८३ च दिसत असेल, म्हणजे ३.८ आधीच लागलेला असेल, तर १२ न लिहिता १२ भागिले ३.८, म्हणजे ३.१५८ लिहा. पाच व्होल्टला २.९७६. इथे बरेच जण घसरतात आणि मग ४६ व्होल्ट बघून दचकतात. लिनक्सवर एलएम-सेन्सर्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये कॉम्प्युटच्या ओळीत दोन सूत्रं द्यावी लागतात: स्वल्पविरामाआधी १२ नं गुणणारं, नंतर १२ नं भागणारं. दुसरं सूत्र कमाल-किमान मर्यादा चिपमध्ये लिहिताना लागतं.

उणे १२ व्होल्टची ओळ असेल तर लपवून टाका. आजच्या बहुतेक बोर्डांवर ती चिपला जोडलेलीच नसते.

आता तापमान. १७००एक्सचे ५८ अंश म्हणजे खरे ३८. एएमडीनं १६००एक्स, १७००एक्स आणि १८००एक्स यांच्या टीसीटीएल या आकड्यात मुद्दाम २० अंश वाढवून ठेवलेत, सगळ्या एएम४ सॉकेटच्या सीपीयूंवर पंख्याची धोरणं सारखी चालावीत म्हणून. २७००एक्सला १०, पहिल्या थ्रेडरिपरना २७. साध्या १७०० ला काहीच नाही. प्रोग्रॅम टीसीटीएल आणि टीडाय वेगळे दाखवत असेल तर टीडाय (खरं तापमान) बघा. एकच आकडा असेल तर २० वजा करायच्या आधी प्रोग्रॅमनं ते स्वतःच केलेत का ते तपासा, नाहीतर दोनदा वजा होतील.

ऑक्सटिन१ ची पिन बहुधा मोकळी आहे. चिपच्या प्रत्येक तापमान पिनला बोर्डवाला थर्मिस्टर (तापमान मोजणारा रेझिस्टर) जोडतोच असं नाही, आणि मोकळी पिन काहीही सांगते: ११२, १२७, कधी शून्याखाली. खात्री करायची सोपी रीत म्हणजे मशीन रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी चालू केल्याबरोबर सगळी तापमानं लिहून घ्या. जोडलेले बोर्ड सेन्सर आणि हार्ड डिस्कच्या स्मार्ट या स्वतःच्या नोंदीतलं तापमान खोलीच्या तापमानाच्या दोनचार अंशांत असतं. मग अर्धा तास लोड द्या. जो सकाळीही ११२ आणि अर्ध्या तासानंतरही ११२, तो मोकळा. त्याला लपवा आणि पंख्याचा कर्व्ह (कुठल्या तापमानाला किती वेग) चुकूनही त्याच्यावर लावू नका, नाहीतर पंखे कायम पूर्ण वेगानं ओरडत राहतील. हीच परीक्षा उलट बाजूनंही चालते: एअर कूलर असताना ३६ अंशांच्या खोलीत कुठला सेन्सर २७ दाखवत असेल तर तोही खोटा. सीपीयूटिन नावाचा सेन्सर सॉकेटपाशी असतो, आणि कित्येक बोर्डांवर नसतोच. नावात सीपीयू आहे म्हणून त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

एखादाच नमुना मधूनच शून्य किंवा १२७ येऊन परत नीट होत असेल तर ते वेगळं दुखणं. चिपशी बोलायला एक पत्त्याचं आणि एक डेटाचं अशी दोनच पोर्टं असतात. दोन प्रोग्रॅम एकाच वेळी वाचायला गेले की एकानं बँक (चिपमधल्या रजिस्टरांचा गट) बदललेली दुसऱ्याला कळत नाही आणि तो भलतंच रजिस्टर वाचून मोकळा होतो. आरजीबी आणि पंखे सांभाळणारं बोर्ड कंपनीचं सॉफ्टवेअर यात हमखास असतं. ट्रेमधूनही बंद करा, एकच मॉनिटर चालू ठेवून तासभर बघा.

व्हीकोर (सीपीयूला मिळणारा व्होल्टेज) आणि व्हीआयडी जुळत नाहीत म्हणूनही अनेकजण घाबरतात. व्हीआयडी म्हणजे सीपीयूनं मागितलेला व्होल्टेज, तो मोजलेला नसतो. लोडवर व्हीकोर त्याच्यापेक्षा थोडा खाली बसतो, तसंच ठरवलेलं असतं.

एवढं करूनही मीटरच लोडवर ११.४ च्या खाली दाखवत असेल, तर आधी २४ पिनी आणि सीपीयूचा ८ पिनी कनेक्टर काढून बघा. एखादी पिन तपकिरी पडली असेल किंवा प्लास्टिक मऊ झालं असेल तर तोटा तिथेच होतोय. कनेक्टर स्वच्छ असेल आणि मोलेक्सवर मोजूनही आकडा खालीच येत असेल, तर दुकानदाराचं बरोबर.