नाशिकमध्ये कमी रोड टॅक्स लागेल अशी स्वस्त जुनी गाडी कोणती घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की बजेट तीन लाखांच्या आत आहे, घर सिडकोत, नोकरी सातपूरला आणि अधूनमधून सटाण्याला गावी जाणं असतं. एक एजंट दमण पासिंगची डिझेल गाडी बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त देतोय, तेव्हा ती घ्यावी का, हाही प्रश्न आहे.

आधी टॅक्सचं सांगतो, कारण तिथेच गोंधळ होतोय. महाराष्ट्रात खाजगी कारचा रोड टॅक्स दरवर्षी भरायचा नसतो. नवी गाडी पासिंगला जाते तेव्हाच तो एकरकमी घेतला जातो. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला किमतीच्या 11 टक्के, डिझेलला 13 टक्के. सीएनजीचा दर या दोन्हींपेक्षा कमी. हे पैसे पहिल्या मालकाने भरून झालेले असतात. म्हणजे एमएच पासिंगची गाडी घेतलीत, मग ती नाशिकची एमएच 15 असो, पुण्याची एमएच 12 असो की मालेगावची एमएच 41, तुम्हाला रोड टॅक्सचा एक रुपयाही पुन्हा भरावा लागत नाही. गाडी नावावर करायची सरकारी फी काही शेकड्यांतच असते. एजंट जे हजारो सांगतो त्यात त्याची मजुरी धरलेली असते.

आता दमणची गाडी. दमण, सिल्वासा, वलसाड इथून नाशिक जवळ, त्यामुळे डीडी, डीएन आणि जीजे 15 नंबरच्या गाड्या आपल्याकडे सर्रास विकायला येतात. तिकडे टॅक्स कमी भरलेला असतो म्हणून गाडी स्वस्त पडते, आणि नेमका तोच टॅक्स इकडे तुमच्या गळ्यात येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे दुसऱ्या राज्यातली गाडी इथे 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आधी मूळ आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), म्हणजे फॉर्म 28, आणायची. मग इथे महाराष्ट्राचा एकरकमी टॅक्स भरायचा. गाडीच्या वयाप्रमाणे त्यात वजावट मिळते, पण हिशोब मूळ टॅक्सपासून सुरू होतो: नवी असताना सात लाखांची डिझेल असेल तर 13 टक्क्यांनी 91 हजार. तिकडे आधी भरलेला टॅक्स इथे वळता करून मिळत नाही. माझं स्पष्ट मत आहे, ही गाडी घेऊ नका. 'वर्षभर तशीच फिरवा, पुढचं पुढे बघू' असं एजंट म्हणेल, पण पुढचं बघायला तो नसेल.

दिल्ली पासिंगच्या डिझेल गाड्यांचंही असंच. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरचे निर्बंध दिल्ली आणि आसपासच्या भागापुरते आहेत, म्हणून त्या गाड्या इकडे येतात. इथे त्या चालतात, पण एनओसी आणि टॅक्सचा फेरा तोच.

मग टॅक्सच्या बाबतीत बघायचं काय? आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, नोंदणी कधी संपते ती तारीख. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. त्यानंतर फिटनेस दाखवून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं. त्याची फी 2022 पासून कारला 5000 रुपये आहे, शिवाय महाराष्ट्राचा पर्यावरण कर पेट्रोलला 3000 आणि डिझेलला 3500, तोही पाच वर्षांचा. फिटनेससाठी टायर, लाइट, पत्रा नीट करायचा खर्च वेगळाच. त्यामुळे 2012 ची गाडी 2017 च्या गाडीपेक्षा चाळीस हजारांनी स्वस्त दिसली तरी तो फरक टिकत नाही. निदान सहा-सात वर्षं शिल्लक असलेली गाडीच बघा.

खरा दरवर्षीचा खर्च विम्याचा आहे आणि तो इंजिनावर ठरतो. जून 2022 च्या दरांप्रमाणे थर्ड पार्टीचा हप्ता 1000 सीसीपर्यंत 2094 रुपये, 1000 ते 1500 सीसीला 3416, त्यावर थेट 7897, आणि त्यावर कर. म्हणून तुमच्या वापराला मी 998 सीसीची जुनी वॅगनआर, सेलेरिओ किंवा अल्टो के10 बघायला सांगेन. सिडको ते सातपूर एवढ्याशा रोजच्या अंतराला डिझेल परवडत नाही. गावाला चौघं आणि सामान असं जाणं असेल तर वॅगनआर. उंच बसणी आहे, घरातल्या वडीलधाऱ्यांना चढ-उतार सोपी पडते. आय10 चांगली गाडी आहे, आत बसल्यावर जास्त भरीव वाटते, फक्त विम्याचा स्लॅब वरचा. लोगन आणि व्हेरिटो आपल्याच नाशकात बनलेल्या, दणकट गाड्या. पण कंपनीने बंद केल्यात, तुमच्या ओळखीत त्या गाडीची सवय असलेला मेकॅनिक असेल तरच तिकडे वळा.

सीएनजी असेल तर किटची नोंद आरसीवर आहे का ते बघा. नोंद नसलेलं बाहेरचं किट म्हणजे क्लेमच्या वेळी भांडण. टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे दाबाची चाचणी, दर तीन वर्षांनी लागते, तिची तारीख टाकीवरच्या प्लेटवर असते.

गाडी बघायला सकाळी जा आणि मालकाला आधी सांगून ठेवा की स्टार्ट करू नका. पोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर आधीच चालू करून ठेवलीय, आणि थंड इंजिन कसं उठतं हेच तर आपल्याला ऐकायचं असतं. मग काचा बघा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीचा शिक्का आणि वर्षाची खूण असते. पाच काचा एका सालच्या आणि एकच वेगळी, तर त्या बाजूला काय झालं होतं ते विचारा. दाराचं रबर बोटाने थोडं ओढून आतल्या कडेचे वेल्डिंगचे ठिपके बघा. कारखान्याचे ठिपके गोल आणि सारख्या अंतरावर असतात, गॅरेजमधले ओबडधोबड. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला वाळलेला चिखल दिसला तर गाडी पाण्यात बुडालेली आहे, तिथूनच परत फिरा. रंग चकाचक आहे म्हणून भुलू नका.

कागदांत 'वाहन' पोर्टलवर नंबर टाकून मालक, नोंदणीची मुदत आणि बँकेचा बोजा तपासा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा सहीचा फॉर्म 35 हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. ई-चलन थकलेलं असेल तर विकणाऱ्याकडूनच भरून घ्या. एप्रिल 2019 आधीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवलीय का बघा, नाहीतर नावावर करताना काम अडतं. एमएच 15 सोडून दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर तिथली एनओसी लागेल का ते आधी आरटीओत विचारून घ्या.

गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या की लगेच पेठ रोडच्या आरटीओत जमा करा आणि विमाही 14 दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट, तुम्हाला मिळत नाही, तेवढी हप्त्यात वाढ धरून चला. आणि विकणाऱ्याकडून गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली पावती घ्या, म्हणजे त्याआधीचं चलन निघालं तर ते तुमचं नाही हे दाखवता येईल.