वांझ ओळ मध्येच पराग का देते?

प्रश्न : टू-लाइन, म्हणजे दोनच वंशओळींच्या संकरातून बनणाऱ्या, संकरित भातातली मादी ओळ एका हवामानात वांझ राहते, दुसऱ्यात पराग देते. याला प्रथिन न घडवणारा आरएनए कारणीभूत आहे असं वाचलं. ज्यातून प्रथिनच बनत नाही, तो आरएनए पराग कसा अडवतो?

उत्तर : अशा ओळींचा मूळ पुरुष म्हणजे नोंगकेन 58एस. चीनच्या हूबेई प्रांतात शी मिंगसोंग यांना 1973 मध्ये नोंगकेन 58 या वाणाच्या शेतात तो सापडला. दिवस लांब असला की वांझ, आखूड झाला की सुपीक.

याचं एक कारण 12व्या गुणसूत्रावर आहे. तिथे एलडीएमएआर नावाचा, साधारण 1,200 अक्षरांचा (रासायनिक घटकांचा) लांब आरएनए बनतो. लांब दिवसांत परागकोश नीट घडायचा तर तो पुरेशा प्रमाणात लागतो. नोंगकेन 58एसमध्ये एकच अक्षर बदललं आहे. त्याने या आरएनएची घडी बदलते, त्याच्या प्रवर्तकावर (तो बनवणं सुरू करणाऱ्या डीएनएच्या भागावर) मिथाइल गट ही रासायनिक खूण वाढते आणि त्याचं उत्पादन घटतं. मग परागकणांना पोसणारा परागकोशाचा आतला थर वेळेआधीच मरतो आणि पराग उपाशी राहतात. म्हणजे इथे आरएनए असल्याने नव्हे, कमी पडल्याने पराग अडतो.

एलडीएमएआरचं हे काम प्रसिद्ध झालं त्याच वर्षी, 2012 मध्ये, संशोधकांच्या दुसऱ्या गटाने त्याच बदललेल्या अक्षराचा संबंध 21 अक्षरांच्या एका चिमुकल्या आरएनएशी जोडला. त्यामुळे ‘एलडीएमएआर हेच अंतिम उत्तर’ असं पाठ करू नये. 7व्या गुणसूत्रावरचा पीएमएस1टी हा दुसरा लांब आरएनए तर उलट वागतो: मायक्रोआरएनए 2118 हा चिमुकला आरएनए त्याला कापतो, त्यातून 21 अक्षरी तुकड्यांची रांग तयार होते आणि वांझ ओळीत लांब दिवसांत हे तुकडे जास्त साठतात.

प्रश्न : अशी ओळ कोकणात लावली तर चालेल का?

उत्तर : निव्वळ दिवसाच्या लांबीवर चालणारी ओळ नको. तिला वांझ राहायला सुमारे 14 तासांचा दिवस लागतो. कर्जतला जूनमधला सर्वांत मोठा दिवसही सूर्योदय ते सूर्यास्त सव्वातेरा तासांच्या आसपास, आणि खरिपात लोंबी घडते तेव्हा तो आणखी आखडलेला असतो. ती सुपीक होईल आणि संकरित बियाऐवजी स्वतःचंच बी धरेल.

तापमानावर चालणारी ओळ इथे शक्य आहे. पेआई 64एस ही नोंगकेन 58एसपासूनच काढलेली. 12व्या गुणसूत्रावरचा बदल तोच, पण इंडिका या भाताच्या उपप्रकाराच्या पार्श्वभूमीत तो मुख्यतः तापमानाला दाद देतो. सीमा दिवसाच्या सरासरी 23.5 ते 24 अंश सेल्सिअसच्या जवळपास: त्यावर वांझ, त्याखाली सुपीक. नाजूक काळ निसवण्याच्या (लोंबी बाहेर पडण्याच्या) साधारण दोन ते तीन आठवडे आधीचा. तेव्हा काही दिवस गारवा टिकला तर ओळ पराग देऊ लागते. 1989 च्या उन्हाळ्यात चीनमध्ये अवेळी गारवा पडला आणि बीजोत्पादनात हेच घडलं. म्हणून पेरणीची तारीख निसवणीपासून मागे मोजून ठरवा, आणि त्या आठवड्यांची एकत्र सरासरी नव्हे, रोजचं सरासरी तापमान बघा. कोवळी लोंबी तेव्हा खोडात, बुंध्याजवळ असते, त्यामुळे खाचरातल्या पाण्याचं तापमानही मोजा. गारव्यात कोमट पाणी खोल भरून ठेवलं तर बचाव होतो. वांझ ओळीचंच बी वाढवायचं असेल तेव्हा मुद्दाम थंड पाणी सोडतात.

प्रश्न : ओळ खरंच वांझ आहे हे शेतावर कसं तपासावं?

उत्तर : त्या दिवशी उमलणारी, पण अजून न उघडलेली फुलं सकाळी घ्या. परागकोश काचपट्टीवर 1 टक्का आयोडीन-पोटॅशियम आयोडाइडच्या थेंबात चिरडा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. गोल, काळेनिळे कण सुपीक; सुरकुतलेले, पिवळट किंवा फिके कण वांझ. फूल उघडल्यावर नमुना घेतला तर शेजारचे पराग चिकटून येतात आणि निकाल फसतो. एका झाडावर भागवू नका. काही लोंब्या निसवण्याआधीच पिशवीत बांधा. पिशवीत एकही दाणा भरला तरी ते झाड आणि त्याच्या आसपासची झाडं पुन्हा तपासा.