विसार दिला आहे, आता मागे कसे फिरावे?

"आता मी माघार घेतली, तर तो देवावरचा अविश्वास ठरेल ना?" माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांकडून हा प्रश्न वारंवार विचारला जातो; कधी कोणी विश्वासाच्या नावाने औषधे थांबवलेली असतात, कधी चालू नोकरीचा राजीनामा दिलेला असतो. अहिल्यानगर जिल्ह्यातून पत्नीसह आलेल्या एका गृहस्थांनी तो विचारला, तेव्हा विषय दोन गुंठ्यांच्या प्लॉटचा होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

दागिने सोनेतारण ठेवून त्यांनी 2 लाख रुपये विसार दिला होता. उरलेली रक्कम तीन महिन्यांत भरून खरेदीखत करायचे होते, त्यातले सहा आठवडे संपले होते आणि बँकेने कर्ज नाकारले होते. त्यांनी आपले पवित्र शास्त्र (बायबल) माझ्यासमोर उघडले. यहोशवाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात, जिथे तुमचे पाऊल पडेल ते ठिकाण मी तुम्हाला दिले आहे, या अर्थाच्या वचनाखाली लाल शाईची रेघ होती आणि समासात तारीख. त्याच दिवशी सगळ्या घराने यरीहोप्रमाणे (देवाच्या आज्ञेवरून इस्राएल लोकांनी फेऱ्या घातल्यावर ज्याचा तट कोसळला त्या शहराप्रमाणे) प्लॉटला सात फेऱ्या घातल्या होत्या आणि पुढच्या रविवारी त्यांनी मंडळीत, म्हणजे चर्चमधल्या सर्वांसमोर, देवाच्या या कृपेची साक्षही दिली होती. पत्नी एवढेच म्हणाल्या, "क्रूसाचं मंगळसूत्रसुद्धा काढून दिलं मी. ह्यांनी मला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं."

विश्वास कमी करा, असे मी त्यांना सांगितले नाही, कारण त्यांची प्रार्थना खरी होती याबद्दल मला शंका नव्हती. मी त्यांना गणना या पुस्तकाचा 14वा अध्याय वाचायला दिला. देवाने देऊ केलेला कनान देश पाहून हेर परत आल्यावर इस्राएल लोकांनी तिथे जायला नकार दिला, त्याबद्दल 40 वर्षांच्या रानातल्या भटकंतीची शिक्षा ऐकली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तेच लोक "आम्ही चढून जातो" म्हणून निघाले. त्यांचा पुढारी मोशे याने अडवले तरी ते धिटाईने गेले, कराराचा कोश (देवाच्या सान्निध्याची खूण असलेली पेटी) मात्र छावणीतून हलला नाही, आणि अमालेकी व कनानी लोकांनी त्यांना हर्मापर्यंत पिटाळले. देश तोच होता, वचनही तेच होते. नव्हती ती फक्त "जा" ही आज्ञा. यरीहोभोवतीच्या फेऱ्यांमागे ती आज्ञा होती, प्लॉटभोवतीच्या फेऱ्यांमागे आपली इच्छा होती. मंदिराच्या शिरोभागी 'खाली उडी टाक, देव तुला सांभाळील' म्हणत सैतानाने प्रभू येशूला ऐकवलेले स्तोत्रही खरेच होते, तरी प्रभूने उडी घेतली नाही; "परमेश्वर तुझा देव ह्याची परीक्षा पाहू नको," असे उत्तर दिले.

ते बराच वेळ गप्प होते. मग मी विचारले, "मंडळीत साक्ष दिली नसती, तर बँकेचा नकार आला त्याच दिवशी तुम्ही काय केले असते?" त्यांनी लगेच उत्तर दिले, "व्यवहार सोडला असता." हे उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ज्याला ते अविश्वासाची भीती म्हणत होते, ती बऱ्याच अंशी चारचौघांत शब्द मागे घ्यावा लागण्याची भीती होती, आणि देवाला गृहीत धरून टाकलेले पाऊल आपण पुष्कळदा याच भीतीपोटी रेटत राहतो. आज्ञापालनासाठी त्यांना नव्या दर्शनाची गरज नव्हती. पत्नीशी प्रामाणिक राहणे आणि फेडता येणार नाही असे ऋण न करणे, एवढे तर पवित्र शास्त्राने आधीच स्पष्ट सांगितलेले आहे. लाल रेघेच्याच अध्यायात, चारच वचने खाली, यहोशवाला नियमशास्त्र काळजीपूर्वक पाळायलाही सांगितले आहे, हे मी त्यांना दाखवले.

पुढच्या बैठकीत आम्ही फक्त दोन गोष्टी ठरवल्या: विकणाऱ्याला मुदत संपण्यापूर्वीच खरी परिस्थिती सांगायची, आणि पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) आधी भेटून मंडळीसमोर उभे राहायचे. दुसरी गोष्ट त्यांना फार जड गेली. एक रविवार ते दारातूनच परत आले. त्यानंतरच्या रविवारी ते उठले आणि म्हणाले, "देवाने मला पाठवले नव्हते, मी स्वतः निघालो होतो. माझ्या पत्नीचीही मी क्षमा मागतो."

विसाराची निम्मी रक्कम परत मिळाली, निम्मी बुडाली. मंगळसूत्र आता सुटले आहे. दोन बांगड्या अजून तारणातच आहेत, आणि त्यांचा हप्ता भरायला दोघे बरोबर जातात.