रेओम्युर, डेलिल असल्या जुन्या स्केलवरचं तापमान सेल्सिअसमध्ये कसं आणायचं?
रेओम्युर एकदम सोपं, त्यात पाणी ० ला गोठतं नि ८० ला उकळतं, म्हणून आकड्याची सव्वापट केली की झालं सेल्सिअस, २८ रेओम्युर म्हणजे ३५. गंडवतं ते डेलिल, पूर्वी रशियात चालायचं, ते उलटं आहे, उकळतं पाणी ० आणि बर्फ १५०, म्हणजे आकडा वाढला की थंडी वाढली! त्याला दीडने भागा नि उत्तर १०० मधून वजा करा, ९० डेलिल म्हणजे ४० सेल्सिअस. रँकिन नावाचं आणखी एक स्केल आहे, त्याचा आकडा १.८ ने भागून २७३.१५ वजा, बास. आणि नुसतं ‘आर’ लिहिलं असेल तर साल बघा, रँकिन स्केल आलं १८५९ मध्ये, त्याआधीची नोंद असेल तर बहुतेक रेओम्युरच.